बुडालेल्या मालाचा वाटा

सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडच्या बंदरांतून माल घेऊन जी जहाजे निघत, त्यांच्या भरणपत्रांत माल ईश्वरकृपेने सुस्थितीत चढविला असल्याचे प्रारंभीच लिहिलेले असे, आणि ईश्वराने जहाज इच्छित बंदरी सुखरूप पोहोचवावे अशी प्रार्थना करून तो कागद पुरा होत असे. लंडनच्या लॉइड्सने १७७९ साली सागरी विम्याच्या दस्तऐवजाचा जो नमुना कायम केला, त्याचाही आरंभ ईश्वराच्या नावाने होई. मात्र त्यापुढे समुद्र, अग्नी, शत्रू, चाचे, चोर, राजेरजवाड्यांचा अटकाव, संकटसमयी माल पाण्यात टाकून देण्याची पाळी अशा आपत्तींची यादी येई, आणि शेकडा किती घेऊन कोणी किती रकमेची जोखीम पत्करली हे ज्याच्या त्याच्या सहीनिशी नोंदले जाई.

प्रार्थना आणि हिशेब असे एकाच कागदावर नांदताना पाहून काही श्रद्धावान मनांना त्यात विसंगती वाटते. ज्याचा ईश्वरी योजनेवर भरवसा आहे त्याने विमा का उतरवावा, आणि ज्याने विमा उतरविला त्याने प्रार्थना कशासाठी करावी? मला हा प्रश्न फारसा अवघड वाटत नाही. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत. अधिष्ठान, कर्ता, करण व निरनिराळ्या चेष्टा ही चार, आणि दैव हे पाचवे. पहिल्या चारांची तजवीज केल्याने पाचव्याचा अनादर होत नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करणारा कोळी होडी पाण्यात लोटण्यापूर्वी तिच्या फळ्यांच्या फटी बुजवतोच, आणि त्यामुळे त्याच्या श्रद्धेला उणेपणा येत नाही. खरा अवघड प्रश्न याहून निराळा आहे. ज्याचे कर्म त्याला, दुसऱ्याचे फळ कोणाला भोगता येत नाही, हा आपल्या बहुतेक दर्शनांचा सिद्धांत. आणि विमा ही तर एकाची हानी अनेकांनी वाटून घेण्याची व्यवस्था. एखाद्याचा माल बुडाला तो त्याच्या प्राक्तनाने बुडाला असे मानले, तर ते नुकसान आपल्या माथी घेण्याचा अधिकार, किंबहुना ते घेण्याचे कर्तव्य, इतरांना कोठून प्राप्त होते?

समुद्रमार्गाच्या धोक्याला मोल असते हे आमच्या शास्त्रकारांना पक्के ठाऊक होते. कौटिल्याने दरमहा शेकडा सव्वा हे धर्म्य व्याज ठरवून व्यापाऱ्यांसाठी पाच, अरण्यातून जाणाऱ्यांसाठी दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यांसाठी वीस असे चढते दर दिले आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीतही अरण्य आणि समुद्र यांच्यासाठी तेच दहा व वीस आढळतात, आणि मनूने तर हा दर ठरविण्याचे काम समुद्रयानात कुशल असलेल्या, देश, काल व अर्थ जाणणाऱ्या लोकांवर सोपविले आहे. पुढे पश्चिम किनाऱ्यावरील पेढ्यांवर जोखमी हुंडी चालू झाली. जहाजावर चढविलेल्या मालाच्या आधारे ती लिहिली जाई आणि माल बंदरी पोहोचला तरच सकारली जाई, म्हणजे उधार आणि विमा ही दोन्ही कामे एकाच कागदाने साधत. परंतु मला या सर्वांहून अधिक अर्थपूर्ण वाटतो तो मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातील नावाड्यांविषयीचा नियम. नावाड्यांच्या अपराधाने नावेतील वस्तू नासली तर ती त्या सर्वांनी आपापल्या हिश्श्याप्रमाणे भरून द्यावी. दैवी आपत्तीने नासली तर त्यांना दंड नाही. कर्मविपाकाची सूक्ष्म गणिते मांडणारा हाच ग्रंथ, पण मालधन्याचे पूर्वसंचित काय होते हे येथे विचारीत नाही. अपराध झाला की नाही आणि झाला तर कोणाचा, एवढीच चौकशी तो करतो.

ही चौकशी पुढच्या काळात किती बारकाईने झाली हे सागरी विम्याच्या कायद्यात दिसते, आणि तो कायदा वाचताना मला दर वेळी श्वेताश्वतर उपनिषदाचा आरंभ आठवतो. जगाचे कारण कोणते याचा विचार करीत बसलेले ब्रह्मवादी तेथे काळ, स्वभाव, नियती, यदृच्छा, महाभूते, पुरुष असे पर्याय एकापुढे एक मांडतात. मॅकेन्झी चाल्मर्स यांनी मसुदा केलेला १९०६ चा ब्रिटिश कायदा आणि त्याच्याच धर्तीवर झालेला आपला १९६३ चा कायदा यांनी जवळपास हीच वर्गवारी भरपाईच्या कामी लावली आहे. विमा उतरतो तो यदृच्छेचा. वाऱ्यालाटांचा नेहमीचा मारासुद्धा त्यात धरीत नाहीत, कारण जे घडणारच आहे त्याला आपत्ती म्हणता येत नाही. काळाने जे झिजते, किंवा केवळ विलंबामुळे ज्याचा भाव उतरतो, ते सामान्यतः मालधन्याचे. स्वभावाने जे बिघडते तेही त्याचेच: ओलसर भरलेला ताग पोटातल्या उष्णतेने काळा पडतो, कोळसा आपोआप धुमसू लागतो, धान्याला आतून कीड लागते, फळे पिकून नासतात, बाहेरून कोणी हात लावला नाही, पदार्थाच्या प्रकृतीतच त्याचा नाश होता, म्हणून वेगळा करार नसेल तर विमा कंपनी पैसे देत नाही. राहिला पुरुष. स्वतः विमा उतरविणाऱ्याने जाणूनबुजून दुराचरण केले तर तो भरपाईला मुकतो, परंतु कप्तानाच्या वा खलाशांच्या हयगयीने जहाज खडकावर गेले तर मालाची भरपाई नाकारली जात नाही. यात खोल अर्थ आहे असे मला वाटते. ज्याचा माल शेकडो कोस दूर समुद्रात आहे त्याच्या दृष्टीने परक्या माणसाची चूक आणि वादळ यांत भेद तो कोणता? एकाचा अपराध हा दुसऱ्याला यदृच्छेच्याच रूपाने भेटतो.

त्या उपनिषदातील जिज्ञासू या पर्यायांपैकी एकावरही थांबले नाहीत, कारण त्यांना अंतिम कारण हवे होते. कायद्याला ते नको आहे. तो निकटचे कारण पाहतो. आपल्या नैयायिकांनी घटाची कारणे सांगताना कुंभाराला कारण मानले, परंतु कुंभाराच्या बापाला आणि माती वाहून आणणाऱ्या गाढवाला अन्यथासिद्ध म्हणून वगळले. दोघेही कार्याच्या मागे उभे असतात, तरी कार्याचा उलगडा करण्यास त्यांची गरज लागत नाही. पूर्वजन्मीचे कर्म मी खोटे मानीत नाही. परंतु नुकसानभरपाईच्या प्रश्नात ते अन्यथासिद्धच ठरते, आणि त्याला तेथे साक्षीला बोलावणे हे तर्काच्या दृष्टीने अयुक्त व धर्माच्या दृष्टीने, जसे पुढे दिसेल, घातक आहे.

विम्याकडे धर्मसंस्थांनी संशयाने पाहिले हे मात्र खरे. तेराव्या शतकात पोप नववा ग्रेगरी याने समुद्रप्रवासाला निघालेल्याला कर्ज देऊन जोखमीबद्दल जादा रक्कम घेणाऱ्यास व्याजखोर ठरविले. त्यानंतर इटालीतील व्यापाऱ्यांना आपले करार निराळ्या वेषात मांडावे लागले, आणि जिनोआ येथे १३४७ साली ‘सांता क्लारा’ नावाच्या जहाजाच्या मयोर्काच्या सफरीसाठी झालेला जो विम्याचा करार आज उपलब्ध आहे तो वरकरणी बिनव्याजी कर्जाचा कागद दिसतो. दमास्कसचे हनफी धर्मशास्त्री इब्न आबिदीन यांनीही एकोणिसाव्या शतकात सागरी विम्याच्या पैशाला आक्षेप घेतला. उलट विसाव्या शतकात मुस्लिम समाजांनी ‘तकाफुल’ म्हणून जी पद्धत स्वीकारली तीत सर्वांनी दानबुद्धीने एकत्र पैसा ठेवून त्यातून एकमेकांची हानी भरून काढावयाची असते. धर्माची तक्रार होती ती धोक्याच्या विक्रीबद्दल. एकत्र मिळून सोसण्याला त्याने आडकाठी केली नाही. ही तक्रार मला सर्वस्वी अनाठायी वाटत नाही. सुदैवाने विम्याचे मूळ विक्रीत नाही. ते हप्ता घेऊन हमी देणाऱ्या कंपन्यांहून फार प्राचीन अशा एका नियमात आहे.

तो नियम ऱ्होड्स बेटाच्या नावाने ओळखला जातो आणि सम्राट जस्टिनियनने ५३३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘डायजेस्ट’ या रोमन विधिसंग्रहाच्या चौदाव्या ग्रंथात तो नमूद आहे. जहाज हलके करण्यासाठी माल समुद्रात टाकला असेल, तर सर्वांच्या बचावासाठी जे दिले गेले ते सर्वांच्या वर्गणीतून भरून निघावे, असा त्याचा आशय. त्यावर बांधलेली व्यवस्था आजही जिवंत आहे. १८६४ साली यॉर्क येथे आणि १८७७ साली अँटवर्प येथे जमलेल्या लोकांनी तिचे नियम एकसूत्री केले. जहाजी व्यवहारात तिला ‘जनरल ॲव्हरेज’ म्हणतात. वादळात जहाज बुडू लागते, किंवा तळघरात आग लागून पाणी सोडावे लागते, तेव्हा कोणाचा माल नष्ट करावा हे कप्तान ठरवितो, आणि तो मालकाचे नाव पाहून निवड करीत नाही. जे वर आहे, जे हाताशी आहे, ते जाते. एकाच्या गासड्या तळाशी रचलेल्या म्हणून राहिल्या आणि दुसऱ्याची पिंपे शेवटी चढविली म्हणून गेली. जहाज बंदराला लागल्यावर हिशेबनीस बसतो, वाचलेल्या जहाजाची, मालाची व भाड्याची किंमत काढतो, आणि प्रत्येकावर त्या किमतीच्या प्रमाणात वाटा बसवितो. वाट्याची हमी दिल्यावाचून कोणालाही आपला माल ताब्यात मिळत नाही. या हिशेबात ज्याचा माल टाकला त्यालाही आपल्या गेलेल्या मालाच्या किमतीवर वाटा द्यावा लागतो. त्याला पूर्ण भरपाई मिळाली तर तो एकटाच निर्लेप राहील आणि बाकीचे झळ सोसतील, हे अन्यायाचे होईल. म्हणून ज्याचे गेले आणि ज्यांचे राहिले ते सर्व अखेरीस एकाच प्रमाणात उणे होतात. समत्वाची इतकी रोखठोक आकडेमोड मला अन्यत्र कोठे आढळलेली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पिंपांचा मालक आपल्या मनाशी म्हणू शकतो की हे माझ्या कर्माचे फळ. त्याने त्याला धीर येत असेल, वैराग्य येत असेल, तर तो त्याचा अधिकार आहे. पण गासड्यांचा मालक जर किनाऱ्यावर उभा राहून त्याला म्हणू लागला की हे तुझ्या कर्माचे फळ, तर तेच वाक्य, एक सर्वनाम बदलताच, धर्मवचन न राहता वर्गणी चुकविण्याची सबब होते. कर्मसिद्धांत प्रथमपुरुषी आहे. आपल्या दुःखाला तो लावावा. दुसऱ्याच्या दुःखाला लावण्याचा परवाना तो कोणाला देत नाही. तुकोबांच्या चरित्रपरंपरेत एक प्रसंग सांगतात तो या दृष्टीने मननीय आहे. घरच्या सावकारीचे जे कागद होते त्यांचे त्यांनी दोन भाग केले, एक भाग धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या हाती दिला, आणि आपल्या वाट्याचे खतपत्र इंद्रायणीत सोडले. सगळेच कागद बुडविणे अधिक भव्य दिसले असते. परंतु विरक्ती ही आपल्याच हिश्श्यापुरती करता येते, भावाच्या हिश्श्याची विरक्ती आपण करावयाची नसते, हा विवेक त्या प्रसंगात आहे, आणि आज वैराग्याचा उपदेश करणाऱ्या पुष्कळांच्या ठिकाणी मला तो दिसत नाही.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. सुमारे १४०० टन दारूगोळा, सोन्याच्या विटा, आणि कराचीहून चढविलेल्या कापसाच्या गासड्या असा माल एकाच जहाजात भरलेला होता. कापसाला आग लागली, ती विझविता आली नाही, आणि दुपारी चारनंतर झालेल्या दोन स्फोटांनी आसपासची जहाजे, वखारी व गोदीलगतच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. शेकडो माणसे मेली, आग विझविण्यास गेलेले बंबवाले त्यांत होते. आगीच्या विम्याच्या कागदांत स्फोटाची जोखीम वगळलेली असल्याने भरपाईचा मोठा पेच पडला, आणि तेव्हाच्या हिंदुस्थान सरकारने त्याच वर्षी वटहुकूम काढून नुकसानभरपाईची जबाबदारी उचलली. परक्या अंमलाने युद्धाच्या धामधुमीत केलेली ही गोष्ट उदारतेने केली की निरुपायाने, हा वाद इतिहासकारांनी करावा. ज्या युद्धासाठी तो दारूगोळा आला होता त्याचा बोजा गोदीशेजारी राहणाऱ्यांनीच काय म्हणून उचलावा, हा प्रश्न मात्र त्या वटहुकुमाने योग्य रीतीने सोडविला, आणि तो सोडविताना कोणत्या चाळीतल्या कोणत्या कुटुंबाचे संचित कसे होते हे कोणी विचारले नाही.

येथपर्यंत या व्यवस्थेचे गुणगान झाले. तिची काळी बाजू सांगितल्यावाचून हा विचार अपुरा राहील. विम्याचा करार परम विश्वासाचा आहे, जोखमीसंबंधी आपल्याला जे ठाऊक आहे ते विचारले नसतानाही सांगितले पाहिजे, हे तत्त्व १७६६ साली लॉर्ड मॅन्सफील्ड या थोर इंग्रज न्यायाधीशाने घालून दिले. बाजारातील सत्याला इतके उंच आसन क्वचितच कोणी दिले असेल. त्याच न्यायाधीशापुढे १७८३ साली ‘झाँग’ जहाजाचा दावा आला. हे जहाज आफ्रिकेतून गुलाम भरून जमैकाकडे निघाले होते. चुकीने ते बेट ओलांडून पुढे गेले, आणि १७८१ च्या अखेरीस पाणी पुरणार नाही असे कारण सांगून त्यावरील लोकांनी एकशेतीसहून अधिक जिवंत स्त्रीपुरुष व मुले समुद्रात फेकून दिली. मालकांनी दर डोई तीस पौंडांप्रमाणे विमाकर्त्यांकडे मागणी केली: सर्वांच्या बचावासाठी मालाचा काही भाग टाकावा लागला. ज्यूरीने मालकांच्या बाजूने कौल दिला. विमाकर्त्यांनी फेरतपासणी मागितली तेव्हा मध्यंतरी पाऊस पडून पाणी मिळालेले होते हे पुढे आले, मॅन्सफील्डने नव्याने खटला चालविण्याचा हुकूम केला, पण तो चालल्याची नोंद नाही. आणि खुनाबद्दल कोणावरही खटला झाला नाही. स्वतः गुलामी भोगलेल्या ओलाउदा इक्वियानोने ही हकीकत ग्रॅनव्हिल शार्पच्या कानी घातली म्हणून निदान तिचा बोभाटा झाला.

न्यायालयात त्या माणसांसंबंधी जो वाद झाला तो पाणी किती होते आणि चूक कोणाची होती याचा. म्हणजे तोच निकट कारणाचा शोध, ज्याची मी वर प्रशंसा केली. तर्क शुद्ध होता आणि व्यवहार राक्षसी. याचे बीज त्या रोमन नियमातच सापडते. वर्गणी ठरविताना जहाजावरील स्वतंत्र माणसांच्या देहाची किंमत धरू नये, कारण तिची किंमत होऊ शकत नाही, असे डायजेस्टमध्ये म्हटले आहे. मानवी प्रतिष्ठेचे इतके स्वच्छ विधान करणाऱ्या त्या पंडितांना जो स्वतंत्र नाही त्याच्या देहाची किंमत मात्र करता येत होती. ऱ्होड्सच्या नियमात न्याय आहे तो एवढ्यासाठीच, की ज्याचे समुद्रात गेले तो वाचलेल्या जहाजाचा भागीदार असतो आणि हिशेबाच्या वहीत त्याचे नाव असते. ‘झाँग’वरून जे फेकले गेले त्यांची नावे कोणत्याच वहीत नव्हती; त्यांचा बळी देऊन जे वाचवावयाचे होते त्यात त्यांचा कवडीचा वाटा नव्हता. ज्याला वाट्यात धरलेले नाही त्याच्याकडून त्याग घेतला जातो तेव्हा त्याला त्याग म्हणता येत नाही.

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली, ती तेथील गुलाम आणि येथील शूद्रातिशूद्र यांच्या स्थितीतले साम्य ओळखूनच. येथे शूद्रातिशूद्रांना जे सोसावे लागले त्याचे कारण म्हणून त्यांना त्यांचेच पूर्वकर्म सांगितले गेले, आणि सांगणारे तळाच्या गासड्यांचे मालक होते.

हा प्रश्न जमिनीवर आजही उभा आहे. कोयनेसारख्या धरणांच्या पाण्यात ज्यांची गावे व शेते गेली त्यांना ती सर्वांच्या हितासाठी द्यावी लागली. वीज दूरच्या शहरांना मिळाली, पाणी खालच्या शिवारांना मिळाले. महाराष्ट्राने १९७६ साली धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा जो कायदा केला त्यात लाभक्षेत्रातील मोठ्या खातेदारांच्या जमिनीचा काही भाग घेऊन तो विस्थापितांना देण्याची तरतूद होती, म्हणजे ज्यांचे वाचले आणि वाढले त्यांनी वाटा द्यावयाचा, हे ऱ्होड्सचेच तत्त्व. लाभक्षेत्रातून त्याला विरोध झाला, अंमलबजावणी रेंगाळली, आणि पहिल्या पिढीचे पुष्कळ विस्थापित हक्काच्या जमिनीची वाट पाहतच गेले. त्यांच्या नातवंडांचे अर्ज कचेऱ्यांतून फिरत असताना, नशिबात होते ते झाले, असे ओलिताखालच्या बांधावर उभे राहून कोणी म्हणू लागला, तर त्याला त्याच्या खात्यावरील वाट्याचा आकडा दाखवावा आणि तो वसूल करावा.